यादी आणि पुस्तक

शाळेच्या ग्रंथालयातलं पुस्तक आपल्या मुलाच्या वयाला झेपेल का, अशी काळजी करणाऱ्या आईबापांना मागासलेलं म्हणणं मला पटत नाही. दहा वर्षांचं मूल आणि सोळा वर्षांचं मूल सारखं नसतंच. पण या काळजीपायी आपण पुस्तक उघडतो की नुसती यादी, हे पाहावं लागतं.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर आयलंड ट्रीज नावाच्या भागातल्या शाळांची हकीकत आहे. १९७५ साली तिथल्या शाळा मंडळाच्या काही सदस्यांनी पालकांच्या एका संघटनेच्या परिषदेतून आक्षेपार्ह पुस्तकांची यादी आणली. नोव्हेंबरातल्या एका रात्री ते हायस्कूलच्या ग्रंथालयात गेले आणि तिथल्या कार्डांत यादीतली नावं शोधू लागले. पुढे एकूण अकरा पुस्तकांवर बोट ठेवलं गेलं. गवगवा झाला तेव्हा मंडळानं चार पालक आणि शाळेतलीच चार माणसं अशी समिती नेमली, पुस्तकं वाचून मत द्यायला.

या समितीचं मत सरसकट नव्हतं. पाच पुस्तकं ठेवावीत, दोन काढावीत, एक पालकांच्या संमतीनं द्यावं. उरलेल्यांबद्दल ठाम काही ठरेना. मला हे फार प्रामाणिक वाटतं. आठ माणसं मुलांचा विचार मनात ठेवून वाचायला बसली, की प्रत्येक पुस्तकाला वेगळं उत्तर येणार, कुठे अडखळायलाही होणार. मंडळानं मात्र हा सल्ला बाजूला सारला आणि नऊ पुस्तकं काढूनच टाकली. स्टीव्हन पिको आणि आणखी चार विद्यार्थी कोर्टात गेले. १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार असा निकाल मंडळाच्या विरोधात लागला. त्यातले विचार पसंत नाहीत एवढ्यासाठी पुस्तक काढता येणार नाही, असं न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलं. पुस्तक शिक्षणाच्या दृष्टीनं अयोग्य असेल तर गोष्ट वेगळी, हेही त्यांनी मान्य केलं.

आपण ‘श्यामची आई’ मुलांच्या हाती आपणहून देतो. त्यात कर्जापायी झालेला अपमान आहे, आईचा मृत्यू आहे. मुलं रडतात, तरी ते पुस्तक कोणी कपाटात कुलूप लावून ठेवत नाही, कारण मूल रडलं तर जवळ घ्यायला घरातलं कोणीतरी असतं. ते पुस्तक घरच्यांनीही वाचलेलं असतं.

म्हणून शंका आली की पालकांनी ते पुस्तक ग्रंथपालांकडून मागून घ्यावं आणि अख्खं वाचावं. मग आपल्या लेकराला ‘अजून दोन वर्षं थांब’ म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. शेजारच्या बाकावरच्या मुलीसाठी तिचे आईबाप ठरवतील. आयलंड ट्रीजच्या मंडळानंही रिचर्ड राइट यांचं ‘ब्लॅक बॉय’ पालकांच्या परवानगीनं द्यायचं कबूल केलं होतं. काढलेल्या नऊ पुस्तकांसाठीही ही वाट मोकळी होती.