तिथे लाडू, घरी चिकटपट्टी

।। जय गुरुमहाराज ।। 🙏



धान घरात आल्यावर यंदा आम्ही घरचे सात जण यात्रेला निघालो. लामत्याहून जबलपूर, तिथून गाड्या बदलत राजस्थानात बीकानेर, आणि पुढे 30 किलोमीटरवर देशनोक. तिथे करणीमातेचं देऊळ आहे. लोक त्याला उंदरांचं देऊळ म्हणतात.

देवळात उंदीर हजारोंनी मोकळे फिरतात. तिथे त्यांना उंदीर म्हणत नाहीत, काबा म्हणतात. दुधाच्या परातीच्या काठावर ओळीने बसून ते दूध पितात. घारींनी उचलू नये म्हणून अंगणावर जाळी टाकलेली आहे. आपण पाय उचलून चालायचं नाही, घासत चालायचं. चुकून एखादा पायाखाली मेला तर चांदीचा उंदीर वाहायचा. कथा अशी की मातेचा मुलगा लक्ष्मण कोलायतच्या तळ्यात बुडाला. मातेने त्याच्यासाठी यमाशी वाद घातला. तेव्हापासून तिच्या कुळातली माणसं मेल्यावर काबा होतात आणि काबा मेला की पुन्हा माणूस होतो. म्हणजे तिथल्या लोकांसाठी ते उंदीर घरचेच!

आमच्या आईंनी लाडू ठेवला. एक काबा त्यांच्या पायावरून पळाला तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरं आधी घाबरली, मग पांढरा काबा शोधत बसली. तो दिसला की भाग्य उघडतं म्हणतात. आम्हाला काही दिसला नाही.

घरी आलो तर कोठीच्या खोलीत बियाण्यासाठी ठेवलेल्या चिन्नोरची तीन पोती कुरतडलेली. खाली भुसाच भुसा. दादा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी बाजारातून चिकटपट्टी आणली आणि पोत्यांजवळ ठेवली. रात्रभर खोलीतून चीं चीं ऐकू येत होतं. आम्ही सगळे ऐकत होतो, उठलं कोणी नाही. सकाळी धाकटीने दार उघडलं. उंदीर अजून जिवंत होता. सुटायच्या धडपडीत त्याच्या अंगाची कातडी निघाली होती. तिने विचारलं, "आजी, हा काबा नाही का?"

आई गप्प, आम्हीही गप्प. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी आम्ही स्वतःला समजावलं की देशनोकचे ते देवाचे, आपले हे चोर. पण दात तेच, भूक तीच. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडलं नाही तर ते वाढून त्याला खाताही येणार नाही. तो आपल्यावर सूड घेत नसतो. त्याला देवाने जे तोंड दिलं त्याने तो जगतो.

खारूताईचंच बघा ना. ती उंदराच्याच गणातली, तिचेही दात तसेच वाढतात. पण सेतू बांधताना रामाने तिच्या पाठीवरून बोटं फिरवली अशी गोष्ट आहे, म्हणून ती अंगणात आली की आपण दाणे टाकतो. कायद्याचंही तसंच. 1972 च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक यादी होती. त्यात उंदीर होता आणि कावळाही होता! पितृपक्षात ज्याची आपण वाट बघतो, तोच. 2022 च्या दुरुस्तीत ती यादी निघाली. यादीत नाव होतं तेव्हा कावळा वेगळा नव्हता, यादी निघाल्यावरही तो वेगळा झाला नाही.

आणि कंबोडियात मगावा नावाचा एक मोठा आफ्रिकी उंदीर होता. वास घेऊन त्याने जमिनीतले 100 हून जास्त सुरुंग आणि न फुटलेले स्फोटक शोधून दिले. 2020 मध्ये त्याला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं. 2022 मध्ये तो वारला. त्याच्या नाकामुळे किती लेकरांचे पाय वाचले असतील!

हे सगळं आम्ही दादांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण रोवणीला बियाणं कोण देणार, मगावा?"

त्यांचं म्हणणं खोटं नाही. उंदराच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस होतो, चिखलात काम करणाऱ्याला जास्त. 1896 ला मुंबईत प्लेग आला, तेव्हा उंदरांच्या अंगावरच्या पिसवांनी माणसं मेली. उंदीरही त्याच प्लेगने मेले, हे खरं. पण म्हणून घरात त्यांना मोकळं सोडता येत नाही.

तेव्हा आमची चूक आमच्या लक्षात आली. देशनोकला आमच्या दयेची किंमत एक लाडू होती. घरी तिची किंमत तीन पोती बियाणं आहे, आणि ती दादांच्या घामातून जाते. लाडवाएवढी दया करून आम्ही स्वतःला दयाळू समजत होतो. आणि दादांना आम्ही मनातल्या मनात कठोर म्हणत होतो, पण रात्री चीं चीं ऐकून झोपून राहिलो ते आम्हीच.

गुरुमहाराजांच्या शिकवणीचा अर्थ आता आम्ही असा घेतो. धान्य राखणं हा गृहस्थाचा धर्म आहे, त्यात पाप नाही. पण राखण वेगळी आणि छळ वेगळा. ज्याला हाकलायचं त्याचा तिरस्कार करायची गरज नाही. आणि ज्याला मारावंच लागलं, त्याला रात्रभर तडफडत ठेवायचा हक्क आपल्याला कोणी दिला नाही.

त्या सकाळी आईंनी जुन्या फडक्यात धरून, खायचं तेल लावून लावून उंदराला हळूहळू सोडवलं आणि नाल्याकडे नेऊन सोडलं. तो जगला का ते माहीत नाही. दादांनी उरलेल्या चिकटपट्ट्या जाळल्या. मग दोघांनी मिळून भिंतीची बिळं काचा आणि सिमेंटने बुजवली, पोती भिंतीपासून लांब फळ्यांवर ठेवली, बियाणं पत्र्याच्या कोठीत घातलं. हा खर्च आधीच केला असता तर पोतीही वाचली असती आणि तो जीवही.

आता पिंजरा लावतो आणि पहाटे उठून बघतो. सापडलेल्याचं काय करायचं, यावर घरात अजून एकमत नाही. आई म्हणतात लांब सोडा. दादा म्हणतात, लांब सोडला तर तो दुसऱ्याच्या कोठीत जाईल, ती कुठली दया? हा प्रश्न आम्ही सर्वांपुढे ठेवतो. आपल्या घरी काय करता ते गटावर जरूर लिहा. लेकरांनाही विचारा.

धाकटीला मात्र आईंनी उत्तर दिलं. "काबाच होता बाई. आपल्यालाच दिसला नाही."

।। जय गुरुमहाराज ।। 🙏