घरी आलेली मतपत्रिका

बर्मिंगहॅम,
मार्च २०२६

चि. गार्गीस,


पाडव्याच्या फोनवर तू म्हणालीस की जानेवारीत पुण्याचं मत हुकलं आणि मे महिन्यात लंडनचंही हुकणार, कारण तेव्हा तू निखिलच्या लग्नाला पुण्यात असशील. पहिल्या मताला तुझा इलाज नव्हता. दुसऱ्याला आहे, आणि तो फोनवर सांगण्याइतका छोटा नाही, म्हणून लिहायला बसले.

पुणे महापालिकेची निवडणूक १५ जानेवारीला झाली ती २०१७ नंतर पहिल्यांदा. मधली जवळजवळ चार वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. इतकी वाट पाहून आलेलं मत तुला देता आलं नाही, याचं मलाही वाईट वाटलं. पण नोकरीसाठी परदेशी राहणाऱ्या तुझ्यासारख्या मुलीला आपल्याकडे टपालाने मत देता येत नाही. २०११ पासून परदेशस्थ नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येतं खरं, पण मत द्यायचं तर पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. विमानाचं तिकीट काढून बोटाला शाई लावून येणं किती जणांना परवडेल?

इथे उलट आहे. तू भारताची नागरिक, म्हणजे राष्ट्रकुलातल्या देशाची. इथे राहण्याचा कायदेशीर परवाना तुझ्याकडे आहे आणि वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली आहेत. एवढ्यावर तुला कौन्सिलपासून, म्हणजे स्थानिक पालिकेपासून, पार्लमेंटपर्यंत सगळीकडे मताचा हक्क मिळतो. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. अनेक वर्षं इथे राहिलेल्या आपल्या लोकांनाही हे माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांतले कित्येक ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून नाव नोंदवत नाहीत. मला हे मुळीच पटत नाही. मुंबईचे दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी. व्ही. के. कृष्ण मेनन भारताचे संरक्षणमंत्री झाले त्याच्या कितीतरी आधी, १९३४ ते १९४७, सेंट पँक्रस या लंडनच्या बरोचे, म्हणजे प्रशासकीय विभागाचे, कौन्सिलर होते आणि तिथल्या वाचनालयांसाठी राबले. या देशाच्या स्थानिक कारभारात आपण पाहुणे म्हणून आलेलो नाही.

आणि कौन्सिल म्हणजे तुझं रोजचं जगणं आहे. पाच किंवा जास्त माणसं वेगवेगळ्या बिऱ्हाडांतून एका घरात भाड्याने राहत असतील तर घरमालकाला कौन्सिलचा परवाना काढावा लागतो. तुमच्या घरात तुम्ही पाच जणी आहात. न्हाणीघराच्या भिंतीला आलेली बुरशी तू मला व्हिडिओवर दाखवलीस, त्या तक्रारीची तपासणी करायला येणारा माणूस कौन्सिलचा. कचरा, वाचनालय, फुटपाथ, म्हाताऱ्यांची देखभाल, सगळं तिथेच. बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये पैसे संपल्याची कायदेशीर नोटीस काढली, आणि पुढच्या एप्रिलपासून इथला कौन्सिल टॅक्स जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला. त्या वर्षी टॅक्सचं बिल हातात आल्यावर अनेकांनी पहिल्यांदा विचारलं की आपला कौन्सिलर कोण.

आता घरबसल्या मताबद्दल. नियम सांगण्याआधी ते कुठून आले ते सांगते, नाहीतर तुला ती नुसती सरकारी कटकट वाटेल.

या देशात १८७२ पर्यंत मत उघड द्यावं लागायचं. मतदाराने सगळ्यांसमोर आपला उमेदवार सांगायचा आणि तो वहीत लिहिला जायचा. समोर जमीनदार उभा, गिरणीचा मालक उभा. मग कूळ कुणाचं नाव घेणार? त्या वर्षी गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि ऑगस्टमध्ये यॉर्कशरमधल्या पॉंटिफ्रॅक्ट गावच्या पोटनिवडणुकीत पहिल्यांदा बंद पेटीत मतं पडली. ज्येष्ठमधाच्या वड्या हा त्या गावचा जुना धंदा. त्या वड्यांवर मारायचा ठसा लाखेवर उठवून ती पेटी सील केली होती. मला ही गोष्ट फार आवडते. माणसाला पहिल्यांदा चार फळ्यांच्या आड एकटं उभं राहायला मिळालं. तिथे ना मालक, ना नवरा, ना बाप.

टपाली मताने नेमकी ती फळी काढून घेतली. गैरहजर मतदाराची सोय १९१८ मध्ये सैनिकांसाठी सुरू झाली, मग आजारी, मग सुट्टीवर गेलेले असं करत वाढली, आणि २००० च्या कायद्याने ती इंग्लंडमध्ये मागेल त्याला, कारण न विचारता मिळू लागली. हेतू चांगलाच होता. गुडघे धरलेली आजी, रात्रपाळीची नर्स, तान्हं मूल असलेली आई, यांना मत देता यावं यात वावगं काय? पण मतपत्रिका घरी येते तेव्हा तिच्याबरोबर निवडणूक अधिकारी येत नाही, पोलीस येत नाही, ती फळीही येत नाही. ती घरच्या टेबलावर पडते, आणि त्या घरात ज्याचा शब्द चालतो त्याच्या हाताशी असते.

जून २००४ मध्ये माझ्याच शहरात, ॲस्टन आणि बॉर्डझली ग्रीन या दोन प्रभागांत काय झालं ते तू वाच. दुसऱ्यांच्या नावाने अर्ज भरले गेले, मतपत्रिका भलत्याच पत्त्यांवर वळवल्या गेल्या, भरलेल्या मतपत्रिकांवर खाडाखोड झाली, आणि एका गोदामात रात्री माणसं मतपत्रिकांचे ढीग हाताळत असलेली पोलिसांना दिसली. रिचर्ड मॉरी या निवडणूक न्यायाधीशांनी एप्रिल २००५ मध्ये दोन्ही प्रभागांची निवडणूक रद्द केली आणि एखाद्या बनाना रिपब्लिकलाही लाज वाटावी असा हा पुरावा आहे, असं निकालात म्हटलं. ज्यांची मतं पळवली त्यांत आपल्या उपखंडातून आलेली कुटुंबं खूप होती. इंग्रजी कमी, टपालाची भाषा परकी, आणि दाराशी येणारा माणूस ओळखीचा, आपल्या गावचा. ‘द्या इकडे, आम्ही भरून टाकतो’ म्हणणाऱ्यावर त्यांनी विश्वास ठेवला. त्या वस्तीतल्या बायकांशी मी नंतर बोलले. काहींना आपल्या नावाने मत पडलं हेच ठाऊक नव्हतं. काहींना ठाऊक होतं आणि त्यात गैर काही वाटलं नव्हतं, कारण घरातली मतं एकगठ्ठाच जायची. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा जास्त लागली.

आजचे बरेचसे नियम त्या निकालानंतरचे. २००६ च्या कायद्याने टपाली मतदाराची सही आणि जन्मतारीख अर्जावर आणि मतासोबतच्या निवेदनावर, दोन्हीकडे घ्यायला सुरुवात झाली, म्हणजे ताडून पाहता येतं. २०२२ च्या कायद्याने आणखी आवळलं. अर्जात नॅशनल इन्शुरन्स क्रमांक द्यावा लागतो. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची, मग नव्याने अर्ज. स्वतःच्या मताव्यतिरिक्त दुसऱ्या पाच जणांचीच टपाली मतं हाताने नेऊन देता येतात, तीही फॉर्म भरून. तशीच कौन्सिलच्या पेटीत टाकली तर बाद. पक्षाच्या प्रचारकांनी घरच्यांखेरीज कुणाचं टपाली मत हाताळणं हा गुन्हा. आणि कुणी घरी मत भरत असताना त्याने कुणाला दिलं हे काढून घ्यायचा प्रयत्न करणं, हाही गुन्हा. हा शेवटचा नियम कागदावर आला याचा मला सगळ्यात आनंद झाला, आणि तो घराघरात पाळला जाईल याची खात्री सगळ्यात कमी.

टपाली मतं उघडण्याच्या कामावर मी काही निवडणुकांत बसले आहे. मोठं सभागृह, लांब टेबलं, उमेदवारांचे प्रतिनिधी खुर्च्या टाकून बघत असतात. आधी बाहेरचं पाकीट उघडायचं, निवेदन वेगळं काढायचं, त्यावरचा क्रमांक आतल्या पाकिटाशी जुळवायचा. सही आणि जन्मतारीख नोंदीशी ताडली जाते, मगच आतलं पाकीट उघडतं, आणि मतपत्रिका पालथी धरून पेटीत जाते. मत कुणाला ते टेबलावर कुणी बघायचं नाही; मोजणी मतदान संपल्यावर. चांगली माणसं चांगलं मत देऊन ते कसं वाया घालवतात ते मी तिथे पाहिलं. जन्मतारखेच्या जागी आजची तारीख लिहितात. नवरा-बायको एकमेकांची निवेदनं अदलाबदल करतात. निवेदन टाकायलाच विसरतात. असं पाकीट बाजूला ठेवताना हात जड होतो. तू पुढेमागे टपालाने मत देशील तेव्हा हे लक्षात ठेव.

पण या खेपेला टपाल तुझ्या कामाचं नाही. ७ मेला, गुरुवारी, लंडनच्या सगळ्या ३२ बरोंची निवडणूक आहे आणि तू २१ एप्रिललाच निघतेस. मतपत्रिका बहुधा त्याच सुमाराला घरी पोचतात. ती पुण्याला मागवून, भरून, ७ तारखेच्या रात्री दहाच्या आत परत पोचवणं हा टपालखात्याच्या भरवशावर खेळलेला जुगार होईल, आणि उशिरा आलेलं मत मोजत नाहीत. तुला प्रॉक्सी हवी, म्हणजे तुझ्या जागी मतदान केंद्रावर जाऊन तुझं मत टाकणारी व्यक्ती.

त्याआधी एक गोष्ट. ऑक्टोबरात तू घर बदललंस. जुन्या पत्त्यावरची नोंद आपोआप नव्या घरी येत नाही. २० एप्रिलच्या आत नव्या पत्त्यावर नाव नोंदव, पण तेवढी वाट बघूच नकोस, आजच कर. ऑनलाइन थोडा वेळ लागतो. टपाली मताच्या अर्जाची मुदत २१ एप्रिल संध्याकाळी पाच, प्रॉक्सीची २८ एप्रिल संध्याकाळी पाच. लग्नाच्या घरी एकदा पोचलीस की तुला तारखांची शुद्ध राहणार नाही, म्हणून तेही निघण्याआधीच. सुट्टीवर जाणार म्हणून एका निवडणुकीपुरती प्रॉक्सी मागितली तर डॉक्टरची किंवा नोकरी देणाऱ्याची सही लागत नाही.

प्रॉक्सी कोण होऊ शकतं? ज्याला या निवडणुकीत मताचा हक्क आहे आणि ज्याचं नाव यादीत आहे असं कुणीही. तुझी लागोसची रूममेट नायजेरियाची, म्हणजे राष्ट्रकुलातलीच. नाव नोंदवलेलं असेल तर तिला चालतं. एका माणसाला जास्तीत जास्त चौघांची प्रॉक्सी घेता येते, त्यातले इथे राहणारे मतदार दोनच. केंद्रावर ओळखपत्र तिचं लागेल, तुझं नाही. मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये फोटोचं ओळखपत्र सक्तीचं आहे, आणि राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट चालतो. तिला तुझं केंद्र आणि तुझी निवड नीट सांग. बहुतेक प्रभागांतून दोन किंवा तीन कौन्सिलर निवडायचे असतात, म्हणजे पुण्याच्या पॅनेलसारखंच एकाहून जास्त मतं द्यायची. तुझ्या प्रभागात जितके असतील तितकी सगळी नावं सांग. मात्र केंद्रावर ती तुझ्या सांगण्याप्रमाणेच मत देईल याची हमी कायदा देत नाही. तिथे माणूसच पारखावा लागतो.

तुझ्या आईने परवा सुचवलं की मावशीलाच प्रॉक्सी कर. नियमात बसतं, टपालाने प्रॉक्सी-मत द्यायचा अर्ज मला बर्मिंगहॅमहून करता येईल. तरीही मी नाही म्हणतेय, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या बरोतल्या राजकारणाबद्दल माझी ठाम मतं आहेत आणि ती मी तुला जेवताना अनेकदा ऐकवली आहेत. तू मला नावं सांगशील तेव्हा मावशीला काय वाटेल हा विचार तुझ्या मनात येईलच, निदान एका नावापाशी. माझ्याकडून दबाव नसेल, पण तुझ्याकडून भीड असेल, आणि आपल्या घरांत भीड पुरते. तुझी मैत्रीण तुझ्या वयाची आहे, तुझ्याइतकंच भाडं भरते, तिच्याशी तू मोकळेपणी भांडशीलही. मत तिच्या हाती दे. कुणाला दिलंस ते मला कधीच सांगू नकोस, मी विचारलं तरी.

तिला आज रात्रीच विचार. ती नाही म्हणाली तर स्ट्रॅटफर्डला राहणारा माझ्या मैत्रिणीचा मुलगा तयार आहे, मी त्याच्याशी बोलून ठेवलंय. त्याचा नंबर वेगळा पाठवते. आणि निघण्याआधी त्या बुरशीचे फोटो तारखेसकट कौन्सिलला पाठवून ठेव, परत आल्यावर पाठपुराव्याला लागतील.

निखिलला आणि नव्या सुनेला माझे आशीर्वाद. माझ्यासाठी चितळ्यांची बाकरवडी आणायला विसरू नकोस.

तुझी,
मावशी