न्यूट्रिनोचे वजन आणि दोन काटे

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी आधी भरलेली तोलतात, मग रिकामी. मधला फरक म्हणजे ऊस. न्यूट्रिनोचे वस्तुमान प्रयोगशाळेत असेच, फरकावरून शोधावे लागते, कारण हा कण कुठल्याही यंत्रात जवळजवळ कधीच थांबत नाही. ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनच्या अणूचा ऱ्हास होतो तेव्हा 18.6 हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो वाटून घेतात. न्यूट्रिनोला वस्तुमान असेल, तर सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनच्या वाट्यालाही किंचित कमी ऊर्जा येते. ही युक्ती एन्रिको फर्मीने 1934 सालीच सांगितली होती.

दुसरा काटा म्हणजे खुद्द विश्व, आणि तो वापरणाऱ्या पहिल्या काही जणांत नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडलेले रामनाथ कौशिक होते. महास्फोटातून उरलेले न्यूट्रिनो दर घनसेंटीमीटरला तीनशेहून अधिक आहेत. ते जड असते, तर त्यांच्या गुरुत्वाने विश्वाचे प्रसरण आज दिसते त्याहून बरेच मंदावले असते. सोव्हिएत शास्त्रज्ञ गेर्स्टाइन आणि झेल्दोविच यांनी 1966 मध्ये हा विचार मांडला होता. कौशिक आणि त्यांचे सहकारी मॅक्लेलंड यांनी 1972 मध्ये न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची वरची मर्यादा थेट 8 इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणली. तीही दुर्बिणीला डोळा न लावता, कागदावर! मला हे आजही थक्क करते.

1980 मध्ये मॉस्कोच्या गटाने ट्रिटियमवरून सुमारे 30 इलेक्ट्रॉनव्होल्टचा आकडा जाहीर केला. तो खरा असता, तर विश्वातले बहुतेक द्रव्य न्यूट्रिनोंचेच ठरले असते. इतर प्रयोगशाळांत तो टिकला नाही.

वस्तुमान शून्य नाही, हे कळले 1998 मध्ये, जपानच्या सुपर-कामिओकांडे वेधशाळेत, वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंकडून. हेच वातावरणीय न्यूट्रिनो 1965 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ओसाका आणि डरहॅमच्या सहकाऱ्यांसह टिपले होते. न्यूट्रिनोचे तीन प्रकार प्रवासात एकमेकांत बदलतात, आणि ते वस्तुमानाशिवाय शक्य नाही; पण या रूपबदलातून वस्तुमानांच्या वर्गांतला फरक तेवढा मिळतो. त्यावरून तिन्ही न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांची बेरीज निदान 0.06 इलेक्ट्रॉनव्होल्ट असली पाहिजे.

आज जर्मनीतल्या ‘कॅट्रिन’ या ट्रिटियमवरच्या प्रयोगाने एका न्यूट्रिनोसाठी 0.45 इलेक्ट्रॉनव्होल्टची वरची मर्यादा दिली आहे. आकाशगंगांचा नकाशा काढणारा ‘डेसी’ प्रकल्प तर 2025 मध्ये तिघांच्या बेरजेसाठी 0.064 वर पोचला, म्हणजे किमान बेरजेला जवळजवळ टेकला. मात्र विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी कृष्ण ऊर्जा कालपरत्वे बदलते असे धरले, की हीच मर्यादा दुपटीहून जास्त सैल होते. गृहीतकाबरोबर हलणारा आकडा मी अंतिम मानणार नाही. विश्वाचा काटा नाजूक आहे, पण त्याची तपासणी प्रयोगशाळेच्या काट्यावरच व्हायला हवी. सोलापुरात भौतिकशास्त्र शिकणाऱ्यांनी कौशिकांचा तो छोटासा शोधनिबंध मुळातून वाचावा. त्यातले गणित त्यांच्या आवाक्यातले आहे.