गोळी कुणासाठी?

सासूबाईंना ती गोळी सुरू झाली, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस एकच चर्चा होती. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, रात्री झोपताना अर्धी. आणि सासूबाईंचा चौविहार गेल्या चाळीस वर्षांत कधी मोडलेला नाही. मग कसं करायचं? शेवटी फोन करून डॉक्टरांना विचारलं. सूर्यास्ताआधी जेवणासोबत दिली तरी चालेल, असं ते म्हणाले. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. धर्म सांभाळला गेला.

गोळी कधी द्यायची यावर आम्ही दोन दिवस घालवले. का द्यायची, किती दिवस द्यायची, यावर कुणी दोन मिनिटंही बोललं नाही. मीसुद्धा नाही.

सासूबाई तेव्हा ७९ वर्षांच्या. विसरायला लागून तीन वर्षं झाली होती. दिवसा बऱ्या असायच्या, पण दिवेलागण झाली की उठून दाराशी जायच्या. "मला वणीला जायचंय, बाबा वाट बघत असतील." वणी त्यांचं माहेर, पैनगंगेच्या पलीकडे. बाबांना जाऊन पन्नास वर्षं झालेली. अडवलं की ओरडायच्या. एकदा माझ्या हाताला चावल्या. त्यात दिरांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. मीच डॉक्टरांना म्हटलं, "घरात पाहुणे येणार आहेत, शांत राहतील असं काहीतरी द्या."

त्या शांत झाल्या. लग्नात जो तो म्हणे, "बाई आता बऱ्या दिसतात." लग्न झालं, पाहुणे गेले, गोळी मात्र राहिली. पुढे त्या गोळी थुंकू लागल्या, तर मी ती कुस्करून वरणात कालवायला लागले. असे आठ महिने गेले.

नणंदेची मुलगी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या शुश्रूषागृहात नर्स आहे. एकदा व्हिडिओवर आजीला बघून ती म्हणाली, "मामी, आजी अशी लाकडासारखी का बसलीय? कुठली गोळी चालू आहे?" मी पाकीट वाचून दाखवलं, रिस्पेरिडोन. ती जरा वेळ बोललीच नाही.

मग तिने सांगितलं ते असं. ही औषधं मुळात ज्यांना भास होतात, आवाज ऐकू येतात, अशा आजारांसाठी आहेत. त्यातलं पहिलं औषध १९५२ मध्ये पॅरिसमध्ये वापरात आलं. विसरण्याच्या आजारात म्हाताऱ्या माणसांना ती दिली, तर पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून अमेरिकेत २००५ साली औषधासोबत ठळक इशारा छापणं सक्तीचं झालं. इंग्लंडमध्ये २००९ च्या सरकारी अहवालात आलं, की विसरण्याचा आजार असलेल्या सुमारे १,८०,००० लोकांना ही औषधं दिली जातात, आणि त्यापायी वर्षाला सुमारे १,८०० मृत्यू जास्तीचे होतात. आता तिकडे आधी इतर उपाय करून बघतात. गोळी दिलीच तर कमीत कमी मात्रा, आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा विचार. जेवणात लपवून द्यायची झाली, तर घरचे, डॉक्टर आणि औषधवाला मिळून ठरवतात आणि तसं लिहून ठेवतात.

मी माझ्या वरणाच्या वाटीकडे बघत राहिले.

पण "तिकडचे शहाणे, आपण अडाणी" एवढ्यावर हे मिटत नाही. त्या अहवालाआधी तिकडेही हेच चाललं होतं, ते का? शुश्रूषागृहात माणसं कमी आणि म्हातारे जास्त. आपल्या घरात तर सून एकटी.

एकाच औषधाला देशोदेशी वेगळा न्याय कसा मिळतो बघा. क्लोझापिन नावाचं औषध इतर औषधांनी गुण न येणाऱ्या रुग्णांना तारतं, पण त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यामुळे रुग्ण दगावले आणि अनेक देशांनी ते बंद केलं. आज तेच फिनलंड हे औषध वापरण्यात सगळ्यांत पुढे आहे. २०१४ मध्ये तिथे लाखामागे सुमारे १८९ माणसं ते घेत होती. त्याच वर्षी जपानमध्ये लाखामागे एकही भरत नव्हता. जपानने त्याला परवानगीच २००९ मध्ये दिली. जपानी माणसाचा मेंदू काय वेगळा असतो? वेगळे असतात ते कायदे, दवाखान्यातल्या खाटा, रक्ततपासणीची सोय, आणि डॉक्टरांच्या मनातली भीती.

आपल्याकडे लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता नाही. आदिलाबादेतून कुणी नागपूर गाठतो, कुणी हैदराबादला एर्रागड्ड्याला जातो. एकदा चिठ्ठी मिळाली की तीच वर्षानुवर्षं चालते. गोळ्या स्वस्त, विचारणारा कुणी नाही.

आणि दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अनेकांताचं नाव घेण्यात अर्थ नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा कापसाच्या आडतीत हिशेब लिहायचा. त्याला आवाज ऐकू येऊ लागले. दोन वर्षं गंडेदोरे, नवस, झाडपाला सगळं झालं. औषध सुरू झाल्यावर तो पुन्हा दुकानात बसायला लागला. तिथे औषध न देणं हीच हिंसा होती. म्हणून बायांनो, हे वाचून कुणाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकदम तोडली तर जास्त बिघडतं.

आपल्याकडे पाप तीन वाटांनी लागतं म्हणतात, स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा होताना त्याला होकार दिला. प्रतिक्रमणाला बसले की मला वाटायचं, मी कुठे काय केलं? डॉक्टरांनीच तर लिहून दिलं. पण करवलं कुणी? मी. आणि "बाई बऱ्या दिसतात" म्हणणाऱ्या सगळ्यांनी होकार दिला. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मुळाशी ठेवलं आहे. माझ्या मनात सासूबाईंविषयी राग नव्हता, थकवा होता. पण थकलेला माणूसही बेसावध होतो, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याचं शरीर भोगतं.

नागपूरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन महिन्यांत गोळी हळूहळू कमी केली. सासूबाई पुन्हा बोलू लागल्या. पुन्हा दाराशीही जाऊ लागल्या. आता दिवेलागणीच्या आधीच मी त्यांच्यापुढे सूप आणि तुरीची डाळ ठेवते. जन्मभर त्यांनी जयणेनं धान्य निवडलं, कीड दिसली तर अलगद बाजूला केली. ते हातांना अजून आठवतं. मीही शेजारी बसते. मोठी जाऊ आठवड्यातले दोन दिवस येते. हे मी आधी तिला कधी मागितलंच नव्हतं.

रोज जमत नाही. मागच्या महिन्यात त्या तीन रात्री झोपल्या नाहीत, पडता पडता वाचल्या. डॉक्टरांना विचारून पुन्हा अर्धी गोळी सुरू केली. पण या वेळी कॅलेंडरवर लिहिलं, कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत. वरणात लपवली नाही. हातावर ठेवून म्हटलं, "आई, झोपेची आहे, घ्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि घेतली. त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. मला कळलं, तेवढं खरं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला हक्क दिला आहे, की पुढे मनाचा आजार झाला तर उपचार कसे हवेत, कसे नकोत, आणि आपल्या वतीने कुणी ठरवावं, हे आधीच लिहून ठेवता येतं. मी माझा कागद तयार करायला घेतलाय. पहिल्या ओळीत लिहिलं आहे: "मला गोळी द्याल तेव्हा आधी सांगा, ती माझ्यासाठी आहे की तुमच्यासाठी. तुमच्यासाठी असली तरी कदाचित मी घेईन. पण सांगा."