दुसऱ्या दिवसाचा शोमरोनी



आजच्या शुभवर्तमानातील (लूक १०:२५-३७) दाखला आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून पाठ आहे. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, बाजूने निघून गेलेले याजक व लेवी, आणि कळवळून थांबलेला शोमरोनी. पण बहुतेक वेळा आपण हा दाखला अर्ध्यावरच संपवतो. जखमा बांधल्या, उतारशाळेत पोहोचवले, झाले! प्रभू येशू मात्र तेथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी काय झाले, तेही तो सांगतो. शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, जखमी माणसाची काळजी घ्यायला सांगितले, आणि जास्त खर्च झाल्यास परत येईन तेव्हा तोही देईन, असा शब्द दिला. आज ह्या दुसऱ्या दिवसावर थोडे मनन करू या.

एखादा माणूसच नव्हे, तर अख्खा देशही लुटारूंच्या हाती सापडू शकतो. कॅरिबियन समुद्रातील हैती हा असाच एक गरीब, बहुसंख्य कॅथलिकांचा देश. डिसेंबर १९९०मध्ये तेथे निवडणूक झाली. गोरगरिबांत काम करणारे धर्मगुरू झाँ-बेर्त्राँ आरिस्तीद सुमारे दोन तृतीयांश मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. शपथ घेऊन आठ महिनेही झाले नव्हते, तोच ३० सप्टेंबर १९९१ रोजी जनरल राऊल सेद्रास यांच्या लष्कराने सत्ता बळकावली. पुढील तीन वर्षांत हजारो माणसे मारली गेली. हजारो लोक मोडक्या होड्यांतून समुद्रात उतरले, आणि त्यांतील अनेकांना अमेरिकेच्या जहाजांनी अडवून परत पाठवले.

जग बाजूने निघून गेले का? अगदीच तसे नाही. अमेरिका खंडातील राष्ट्रांच्या संघटनेने लष्करी राजवटीला मान्यता नाकारली आणि व्यापारबंदी घातली. पण तिचा चटका गरिबांना बसला, आणि चोरट्या इंधनावर लष्करी अधिकारी गब्बर झाले. ऑक्टोबर १९९३मध्ये मदतीचे सैनिक घेऊन एक अमेरिकी जहाज राजधानीच्या बंदरापर्यंत आले. धक्क्यावर गुंडांचा एक जमाव आरडाओरडा करीत होता. जहाज तेथूनच माघारी फिरले! याजकही जखमी माणसाला पाहून असाच पुढे गेला होता.

येथे आपल्या ख्रिस्तसभेनेही आपले अंतःकरण तपासले पाहिजे. व्हॅटिकनने त्या राजवटीशी राजनैतिक संबंध तोडले नाहीत, आणि त्याबद्दल पुष्कळ टीका झाली. मात्र जेरेमीचे महागुरू विली रोमेल्यूस निर्भयपणे लोकांच्या बाजूने बोलत राहिले. शेतकऱ्यांसाठी राबणारे धर्मगुरू झाँ-मारी व्हँसाँ यांना २८ ऑगस्ट १९९४ रोजी गोळ्या घालून ठार करण्यात आले. वाटेवर थांबणाऱ्याला किंमत मोजावी लागते, ती अशी.

अखेर ३१ जुलै १९९४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने कारवाईला परवानगी दिली. सप्टेंबरमध्ये सुमारे वीस हजार सैनिक हैतीत उतरले, आणि १५ ऑक्टोबरला आरिस्तीद मायदेशी परतले. रस्तोरस्ती लोक आनंदाने नाचले. जखमा बांधल्या गेल्या होत्या.

मग दुसरा दिवस उजाडला. सुरुवात चांगली झाली. जुलमी लष्कर बरखास्त झाले, नवे पोलीस दल उभे राहिले. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी हैतीच्या इतिहासात प्रथमच एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्या निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या हाती शांतपणे सत्ता दिली. पण मदत करणाऱ्यांना परतीची घाई होती. न्यायालये दुबळीच राहिली. बरखास्त सैनिकांच्या हातची शस्त्रे पूर्णपणे काढून घेतली गेली नाहीत. शिवाय मदतीला अटी होत्या. परदेशी तांदळावरील कर ३ टक्क्यांवर आणला गेला, स्वस्त अमेरिकी तांदूळ बाजारात आला, आणि हैतीचा भात पिकवणारा शेतकरी देशोधडीला लागला. ज्या बिल क्लिंटन यांनी १९९४मध्ये सैन्य पाठवले होते, त्यांनीच मार्च २०१०मध्ये ही आपली चूक झाल्याचे जाहीरपणे कबूल केले. हैतीच्या पुढाऱ्यांचेही चुकले. सन २०००च्या निवडणुकांवरून वाद पेटला, मदत गोठली. २९ फेब्रुवारी २००४ रोजी सशस्त्र बंडापुढे आरिस्तीद यांना पुन्हा देश सोडावा लागला. त्या बंडखोरांत जुन्या लष्करातील माणसेही होती.

बंधू-भगिनींनो, शोमरोन्याने जखमी माणसाला विचारले नाही, 'मला काय देशील?' त्याने त्याला आपला चाकरही केले नाही. रोजची शुश्रूषा त्याने तेथेच राहणाऱ्या उतारशाळेच्या मालकावर सोपवली, पदरचे पैसे ठेवले, आणि परत येण्याचा शब्द दिला. देशाला आधार देणाऱ्या देशांनीही हेच करायचे असते. लोकशाही सैनिक उतरवून एका दिवसात परत आणता येते. ती बरी होते ती मात्र न्यायालयात, शाळेत, शेतात. आणि तेथे तिची शुश्रूषा तिचे स्वतःचे लोकच करू शकतात.

आपण म्हणाल, फादर, हे मोठ्या राष्ट्रांचे काम, आमचे काय? आपल्या धर्मग्रामाकडेच पाहा. कोणाच्या घरी मृत्यू झाला की सारे धावून जातात. महिन्याच्या मिस्सेपर्यंत घर भरलेले असते. चौथ्या महिन्यात त्या विधवा भगिनीचे दार कोण वाजवतो? आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा आपण येथे प्रार्थना केली. त्या देशातून जीव मुठीत धरून आलेल्या हजारोंना मिझोराममधील ख्रिस्ती बांधवांनी आपल्या घरांत आणि गावांत आसरा दिला. वर्तमानपत्रांतून ती बातमी गेली, तशी आपल्या प्रार्थनेतूनही गेली.

ह्या आठवड्यात प्रत्येक समूहाने आपण मदत करून विसरलेले एक घर शोधावे आणि तेथे पुन्हा जावे. रात्रीच्या रोझरीत हैती आणि म्यानमार ही दोन नावे घ्यावीत.

हे प्रभो, वाटेवर थांबण्याची दया तू आम्हाला दिलीस. आता परत येण्याची निष्ठाही दे. आमेन.