दोन पेले, एकच द्राक्ष

समोर दोन पेले ठेवा. दोन्हींत शिराझ. एका पेल्यातली वाईन स्टीलच्या टाकीत मुरून थेट बाटलीत गेलेली, दुसऱ्यातली ओकच्या पिंपात काही महिने राहिलेली. बाहेर बारामतीचा मार्च असेल तर बाटल्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. तांबडी वाईन 16 ते 18 अंशांवर खुलते, त्याहून तापली की नुसतं अल्कोहोल नाकात चढतं.

पेला उचलायची घाई नको. आधी आपण कुठल्या जमिनीपुढे बसलो आहोत ते मनात आणू या. पाटसहून बारामतीला येताना रोटी लागतं, त्या शिवारात फोर सीझन्सची वायनरी आहे. त्यांची 'बॅरिक रिझर्व्ह' ही पिंपात मुरवलेली वाईन. पुढे इंदापूर तालुक्यात बोरीकडे खाण्याच्या द्राक्षांच्या बागा. सगळा मुलूख कमी पावसाचा, कालव्यांच्या आणि ठिबकच्या पाण्यावर तगलेला. युरोपात वेल हिवाळाभर झोपतो. इथे त्याला झोप नाही, त्याचा हंगाम कात्री ठरवते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि थंडी ओसरता ओसरता घड पिकतात. हे सगळं पहिल्या पेल्यात आहे.

आता तो नाकाशी न्या. न हलवता. थांबा. मग हलकेच फिरवून पुन्हा. पिकलेलं जांभूळ, तुती, कदाचित काळी मिरी. काही नाव सुचलं नाही तरी चालेल, नुसता वास घेत राहा. एक घोट घ्या आणि गिळू नका. जिभेला आंबटपणा जाणवेल. तुरटपणा मात्र चव म्हणून येत नाही, तो हिरड्यांना कोरड पाडून कळतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. फळ किती वेळ टिकतं ते पाहा.

दुसरा पेला. वास घेतानाच वेगळं काही पुढे येईल: व्हॅनिला, लवंग, किंचित धूर. हे द्राक्षाचं नव्हे, लाकडाचं. वाईनचं नेहमीचं फ्रेंच पिंप 225 लिटरचं असतं. त्याच्या फळ्या पाऊस-उन्हात दोन-तीन वर्षं वाळवतात, मग विस्तवावर वाकवतात, आणि त्या आचेत ओकमधले हे वास मोकळे होतात. फळ्यांतून हवा अगदी कणाकणाने आत येते आणि तुरटपणा मऊ करते. मला या वाईनमध्ये सर्वांत मोलाचा वाटतो तो हा मऊपणा. व्हॅनिला पहिल्या-दुसऱ्या भरणीतच बहुतेक निघून जातो, पिंप जुनं झालं तरी त्याचा श्वास चालू राहतो. फ्रेंच पिंपाचा ओक बहुधा दीडशे-दोनशे वर्षांचा असतो. त्याच्यापुढे आपल्याकडचा वाईनचा वेल अगदी तान्हा. हा विचार घोटाबरोबर थोडा वेळ तोंडात राहू द्या.

लाकूड याहून पुष्कळ जास्तही चालतं, पण दुसऱ्या पेयांत. अमेरिकेत बर्बन व्हिस्की कायद्यानेच नव्या, आतून कोळसा होईतो जाळलेल्या ओकमध्ये ठेवावी लागते. एकदा रिकामं झालेलं पिंप तिला पुन्हा चालत नाही. अशाच पिंपांत 1990च्या दशकात शिकागोच्या गूस आयलंड या बिअर कारखान्याने काळी, दाट स्टाउट बिअर मुरवली. आज तशा स्टाउट शेजारी शेजारी ठेवून चाखणारे जगभर आहेत. भाजलेल्या जवाचा कडवटपणा खोबरं, व्हॅनिला, व्हिस्कीची ऊब, सगळं अंगावर घेतो. आपल्या उन्हातलं शिराझ दणकट असलं तरी एवढं लाकूड त्याला झेपत नाही. पिंपातून आलेल्या वाईनमध्ये जांभूळ हरवलं असेल, तर पिंप कितीही महागाचं असो, माझ्या मते ती वाईन फसली.

म्हणून पुन्हा पहिल्या पेल्याकडे या. आता तो जास्त आंबट, जास्त उघडा वाटेल. त्याला लगेच कमी लेखू नका. अर्धा तास दोन्ही पेले तसेच राहू द्या. हवा लागली की दोघेही बदलतात.

मग घरातल्या कुणाला पेल्यांची जागा बदलायला सांगा आणि डोळे मिटून सुरुवात करा. दोन्हींत आधी द्राक्ष शोधा, लाकूड नंतर. सापडेनासं झालं तर पाण्याचा एक घोट, ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा, आणि परत वास.