अर्धं राहिलेलं बाड

उद्या शिक्षक दिन. पण गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या नदीकाठी उभं राहिलं की उद्याच्या आधी आजची तारीख आठवते. 4 सप्टेंबर. 1863 साली याच दिवशी एक शिक्षक पुरात गेला. तो बुडाला इथून दूर, नागपूरजवळच्या बोरीकडे. पण तिथलं पाणी वेणेला मिळतं, वेणा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्यापाशी गोदावरीच्या कुशीत शिरते. म्हणजे त्या रात्रीचं पाणीही शेवटी याच घाटावरून गेलं.

शिक्षकाचं नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडात धर्मशास्त्र शिकून ते 1845 मध्ये नागपूरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा सुरू केली. मिशनरी होते, धर्मप्रसारासाठीच आले होते. ते झाकायचं कारण नाही आणि ते सगळ्यांना रुचावं असंही नाही. पण सांगायला आलेला हा माणूस इथे येऊन ऐकायला लागला, आणि मला त्याचं मोल वाटतं ते तिथे.

आधी त्यांनी दगडांचं ऐकलं. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराचे खडक आणि त्यांतले जीवाश्म अभ्यासले. सिरोंच्याच्या वर, प्राणहितेच्या याच काठावर कोटा नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या चुनखडीत प्राचीन मासे दगड होऊन निजले आहेत. त्या थरांचं वय काय असावं, यावर हिस्लॉप यांनी लिहिलं. नदीपलीकडे, आजच्या तेलंगणातल्या मालेडीला एका प्राचीन माशाचे दात सापडले, तेव्हा 1859 मध्ये टॉमस ओल्डहॅम यांनी त्या माशाला ‘सेराटोडस हिस्लॉपियानस’ असं नाव दिलं. पाद्र्याचं नाव चर्चच्या भिंतीवर कोरलेलं आपण पाहतो. माशाच्या दाताला चिकटलेलं क्वचितच.

मग त्यांनी माणसांचं ऐकलं. गोंडांची वंशगाथा गाण्याचा मान परधानांचा. गोंडांच्या आदिगुरू लिंगोची ती लांबलचक गाथा हिस्लॉप यांनी एका परधानाच्या तोंडून गोंडीत उतरवून घेतली. वर्गात फळ्यापुढे उभा राहणारा मास्तर इथे लेखणी घेऊन समोर बसला आणि परधान बोलत राहिला. त्या बैठकीत गुरू कोण होता, हे वेगळं सांगायला नको. मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयीची टिपणं, त्यांच्या बोलींतले शब्द असं पुष्कळ त्यांनी जमवलं होतं. पुस्तक मात्र झालं नव्हतं.

त्या सप्टेंबरात ते चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेले होते. परतताना वाटेत एका गावची शाळा होती. मुलांची परीक्षा घ्यायला हिस्लॉप मागे थांबले. अंधार पडला, ओढ्याला पूर चढला. घोडा एकटाच परत आला. चार दिवसांनी त्यांना 46 वर्षं पूर्ण झाली असती.

मागे उरलं ते अर्धं बाड. टेंपल यांनी ते जुळवलं, टिपा जोडल्या आणि 1866 मध्ये छापलं. लिंगोची गाथा मुळातल्या गोंडीसह आणि इंग्रजी अनुवादासह कागदावर राहिली. 1883 मध्ये नागपुरात त्यांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. आणि कोट्याचे खडक? 1957 मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून जीवाश्मशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आल्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात हिंडली आणि नदीपलीकडे त्याच कोटा थरांत त्यांना एका अजस्र डायनासोरची हाडं मिळाली. ‘बारापासॉरस टागोराय’ हे त्याचं नाव 1975 मध्ये जाहीर झालं. ‘बारा पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय, आणि ‘टागोराय’ रवींद्रनाथांवरून. एकाने खडकाला प्रश्न विचारून ठेवला. शंभर वर्षांनी दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याच खडकाला पुढचा प्रश्न विचारला. कोणी कोणाला पाहिलं नव्हतं, तरी एकाचं काम दुसऱ्याच्या उपयोगी पडलं.

हिस्लॉप जे धर्मशास्त्र शिकून आले, त्याच्या विद्यापीठांची शिस्तही मुळात हीच, प्रश्न विचारत राहण्याची असते. यवतमाळला 1953 पासून तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, मग ती पुण्याला गेली. अशा ठिकाणी पवित्र ग्रंथ नुसता पाठ करून भागत नाही. हा शब्द मूळ भाषेत काय होता, तो उच्चारणाऱ्याच्या मनात काय होतं, हे खोदून पाहावं लागतं. पंडिता रमाबाई तर संस्कृतच्या पंडिता. पण बायबल मराठीत आणायचं ठरवल्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक नव्याने शिकायला घेतलं. पंडिता ही पदवी मिळवल्यावर पुन्हा बाराखडीला बसायचं, याला विद्येपेक्षाही नम्रता जास्त लागते. ज्याला हे जमतं त्याच्याकडूनच दुसऱ्याला शिकता येतं. बाकीच्यांकडून फार तर माहिती मिळते.

सिरोंच्यातल्या वर्गात आज काय दिसतं? एका बाकावर घरी तेलुगू बोलणारं पोर, शेजारी घरी माडिया बोलणारं, आणि पुस्तक मराठी. अशा वर्गातल्या गुरुजींना रोज ठरवावं लागतं की पोराच्या तोंडी आलेला घरचा शब्द चूक म्हणून खोडायचा, की ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असं विचारून फळ्यावर लिहायचा. दुसरं केलं, तर त्या तासाला पोर गुरू होतं आणि गुरुजी शिष्य. त्याने गुरुजींचा मान तसूभर कमी होत नाही. ज्याचं कोणी ऐकून घेतलं, ते पोर पुढचं ऐकायला तयार होतं.

उद्या मुलं गुलाब देतील, पाया पडतील. गुरुजी, बाई, ते सगळं आनंदाने घ्या. पण त्यातला अर्धा तास काढा आणि वर्गातल्या एखाद्या पोराच्या आजीला बोलवा. ती तेलुगूत बोलो की माडियात, एक गोष्ट सांगू दे, आणि तुम्ही वहीत उतरवून घ्या. पुरी झाली नाही तर अर्धी राहू द्या. खाली तारीख आणि आजीचं नाव तेवढं लिहा.